दोन कॅमेरे आणि एक माळवद

मनुष्याला एखादी वस्तू हवीशी वाटू लागली म्हणजे तिची गरज सिद्ध करणारी कारणे त्याला मागाहून सुचतात, आणि मौज अशी की ती कारणेच आधी होती व इच्छा मागून आली, अशी त्याची अगदी प्रामाणिक समजूत होऊन बसते. हे आम्ही दुसऱ्या कोणाविषयी लिहीत नाही. २०२५ सालच्या माघापासून चैत्रापर्यंत आम्ही दोन कॅमेऱ्यांमध्ये लोंबकळत होतो. आणि त्या अवधीत आम्ही स्वतःशी जितके खोटे बोललो, तितके नोकरीच्या एकतीस वर्षांत वरिष्ठांशीही बोललो नसू.

फोटो काढण्याचा नाद आम्हांला जुना आहे. त्यावर आम्ही कधी एक पैसा मिळविला नाही, की कोणत्या प्रदर्शनात आमचे चित्र लागले नाही. तथापि सुटीच्या दिवशी पहाटे उठून गळ्यात पट्टा अडकविल्यावाचून आम्हांला चैन पडत नसे. २००८ साली घेतलेला आमचा जुना कॅमेरा सतरा वर्षे इमानाने चालला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याने कायमचा डोळा मिटला. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडून पाहिला, पुन्हा मिटला आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की आम्ही अधिक काही विचारले नाही.

आमचे मूळ घर येरमाळ्याला. सोलापुराहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव कळंब तालुक्यात येते. परगावच्या माणसाला ते मोटार बदलण्याचे ठिकाण म्हणून ठाऊक असते, आणि श्रद्धावंताला येडेश्वरीचे स्थान म्हणून. देवी डोंगरावर आहे. सीतेच्या शोधात हिंडणाऱ्या रामाची परीक्षा पाहावी म्हणून पार्वतीने सीतेचे रूप घेतले, रामाने तिला तत्काळ ओळखले आणि ‘वेडी आहेस’ अशा अर्थाचे काही तो बोलला, त्यावरून ती येडाई झाली, असे गावात सांगतात. हुबेहूब रूप समोर असताही ज्याची ओळख फसली नाही अशा पाहणाऱ्याची ही कथा आम्ही लहानपणापासून शंभरदा ऐकली. पण कॅमेरा हाती असलेल्या मनुष्याने ती जरा नीट ऐकावयास हवी होती, हे सुचण्यास साठी उलटावी लागली.

चैत्री पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, चुन्याच्या रानात लक्षावधी माणसे वाकून चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात, आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. हलगी, संबळ, ‘आई राजा उदो उदो’ची आरोळी, पायांखालून उठणारी पांढुरकी धूळ, आणि त्या धुळीत एकाच वेळी वाकलेल्या इतक्या पाठी: फोटो काढणाऱ्याला याहून अधिक काय पाहिजे? आम्ही सोलापुरास राहतो. परंतु चैत्रात आम्ही येरमाळ्याला नाही असे वर्ष फारसे गेलेले नाही. जुन्या वाड्यात आमची विधवा वडील बहीण, अक्का, एकटी राहते, आणि तिच्या डोक्यावर जे माळवद आहे त्याचा या लेखाशी संबंध आहे. पण तो पुढे येईल.

कॅमेरा गेला तेव्हा यात्रेला अडीच महिने उरले होते. आमचा भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, बार्शीस लग्नकार्यांचे फोटो काढण्याचा धंदा करतो. त्याने दोन नावे पुढे ठेविली. दोन्ही कॅनन कंपनीची, दोन्ही आरसा नसलेल्या नव्या जातीची, दोन्ही २०२२ साली आलेली: एक आर ७, दुसरा आर ६ मार्क टू. बॅटरी दोघांना एकच चालते, भिंगे तीच बसतात, कार्डांची घरे दोघांतही दोन दोन. परदेशात ते बाजारात आले तेव्हा पहिल्याची नुसत्या अंगाची किंमत १,४९९ डॉलर होती आणि दुसऱ्याची २,४९९. आमच्याकडेही दोहोंतले अंतर त्याच मानाने मोठे होते. सख्खे भाऊ म्हणावेत असे हे दोन कॅमेरे. आणि भावांतच निवड करणे किती कठीण जाते ते ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत त्यांना सांगावयास नको.

दोहोंतला मुख्य भेद आत आहे. जेथे प्रकाश पडून चित्र उमटते तो सेन्सर नावाचा तुकडा आर ६ मध्ये जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर रुंद व २४ उंच आहे; आर ७ मध्ये तो साधारण २२ बाय १५ एवढाच. क्षेत्रफळात अडीच पटींहून अधिक फरक पडतो. उलटपक्षी लहान तुकड्यावर टिपण्याचे बिंदू ३ कोटी २५ लक्ष आहेत आणि मोठ्यावर २ कोटी ४२ लक्ष. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात समजेल: एकाने लहान वाफ्यात दाट पेरले आहे, दुसऱ्याने मोठ्या शिवारात पातळ. पाऊस मुबलक झाला, म्हणजे भर दुपारचे ऊन असले, तर दोन्हीकडे पीक सारखेच डोलते, किंबहुना दाट पेरीचे डोळ्यांत अधिक भरते. पण ओल कमी पडली, दिवस मावळला, समईचा उजेड तेवढा उरला, की दाट पेरलेल्या शाळूची कणसे बारीक पडतात. चित्रावर जे रवाळ कण दिसू लागतात ते हेच.

मग लहान वाफा कोणी का घ्यावा? तर त्याचे कारण दूरचे पाखरू. लहान सेन्सर चित्राचा मधला भागच तेवढा उचलतो, त्यामुळे ४०० मिलिमीटरचे भिंग त्यावर ६४० चे असल्यासारखे जवळ पाहते. हीच चौकट मोठ्या सेन्सरच्या चित्रातून कापून काढू गेले तर हाती बिंदू उरतात साडेनऊ दशलक्षांच्या आसपास. शिवाय आर ७ ला एक खोड आहे असे जाणते लोक सांगतात: आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने काढावयास गेले तर तो चित्र वरून खाली सावकाश वाचतो, आणि उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे दिसतात. नेहमीचे शटर वापरावे, म्हणजे ती अडचण उरत नाही. असो. हे सारे आम्ही आठ दिवसांत तोंडपाठ केले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला अंकीय कॅमेरा जुळविला त्यात बिंदू अवघे दहा हजार होते, वजन साडेतीन किलोंहून अधिक होते, आणि एक काळे-पांढरे चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत, हेही आम्ही या निमित्ताने घरात सर्वांना सांगितले. कोणी विचारलेले नव्हते.

प्रारंभी आमचे मन आर ७ कडे होते. आम्ही स्वतःला पक्ष्यांचे व वन्य प्राण्यांचे फोटो काढणारे समजत होतो. नान्नजच्या माळावर आम्ही कितीदा तरी पहाट काढलेली आहे. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वराहून निघालेला तो प्राणी शेकडो मैल चालत बालाघाटाच्या या उघड्या डोंगरांत आला होता. येडशी आमच्या गावापासून अशी कितीशी दूर! आपल्या डोंगरात वाघ आहे या विचारानेच आमच्या बोटाला चाळवण सुटली. तो टिपला गेला तो मात्र वनखात्याने झाडाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्यात, ज्याच्या मागे कोणीच उभे नव्हते. या गोष्टीचा आम्हांला थोडा मत्सर वाटला हे कबूल करतो.

परंतु थोड्याच दिवसांत आमचे मन फिरले, आणि ते का फिरले हे सांगणे अधिक अवघड आहे.

आमच्या संग्रहात एक चित्र आहे. २०१३ चा चैत्र. त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याचा फार मोठा दुष्काळ होता आणि गावात टँकरपुढे घागरींच्या रांगा लागत. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, ती शेवटची यात्रा. आमराईत आंब्याच्या बुंध्याशी ते बसले आहेत, दिवस मावळून गेलेला आहे, आणि दुपारी वेचलेले चुनखडीचे चार खडे तळहातावर घेऊन ते आमच्यापुढे धरीत आहेत. चेहरा बऱ्यापैकी आला आहे. हाताच्या जागी मात्र नुसता पांढरा फराटा आहे. खडे नाहीत, बोटे नाहीत, काही नाही. त्याच थंडीत अण्णा गेले. बारा वर्षे आम्ही ते चित्र कोणाला दाखविले नाही. ज्याने हजारो फोटो काढले त्याला बापाचा हात टिपता आला नाही, हे शल्य लहान नव्हे.

आमच्या आजोबांचा तर जन्मात एकच फोटो निघाला. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि बार्शी इंग्रजी मुलखात. फोटोसाठी म्हणून ते हद्द ओलांडून बार्शीस गेले होते, असे अण्णा सांगत. ज्या राज्यात लाला दीनदयाळांसारख्या फोटोग्राफराला निजामाने ‘राजा’ हा किताब दिला, त्या राज्याच्या कडेच्या खेड्यातल्या मनुष्याला स्वतःचे तोंड कागदावर पाहावयास परमुलखात जावे लागे. त्या फोटोत आजोबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले स्पष्ट दिसतात. आजोबांचे हात आहेत आणि अण्णांचा नाही, याचा विचार आम्ही त्या माघात फार केला.

तेव्हा आम्ही म्हटले, आता मोठ्या सेन्सरचाच कॅमेरा. अंधारात जो फसणार नाही असा. पाखरे राहोत. भाच्याने दुजोरा दिला. “मामा, फुलफ्रेमच घ्या. मांडवात रात्री काम करायचं तर दुसरं काही नको,” असे तो म्हणाला. आम्हांला मांडवात काम करावयाचे नव्हते, हे त्या क्षणी दोघांच्याही ध्यानात आले नाही.

पैशाचा प्रश्न घरी निघाला तो माळवदावरून. शहरी वाचकांतल्या तरुणांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मराठवाड्यातल्या जुन्या घरांवर कौले वा पत्रे नसतात. सागवानी तुळयांवर फळ्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर जाड पांढऱ्या मातीचा सपाट थर, असे ते छत असते. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. मात्र पावसाळ्यापूर्वी माती बसवून घ्यावी लागते. ती हयगय झाली की पाणी झिरपते, तुळई कुजते, आणि मग काम हजारांत आटपत नाही. अक्काच्या डोक्यावरचे माळवद दोन वर्षे गळत होते. दोन वर्षे आम्ही ‘यंदा करू’ म्हणत होतो.

“अहो, मोठा कॅमेरा घ्या की,” आमच्या घरातून शांतपणे उद्गार निघाले, “फक्त वन्संना तेवढं पावसाळ्यात इकडे आणून ठेवा, म्हणजे झालं.”

अक्का सोलापुरास येऊन चार दिवसांवर कधी राहिलेली नाही, हे त्यांनाही माहीत होते व आम्हांलाही.

आम्ही अण्णांच्या चित्राची गोष्ट काढली. इतक्या वर्षांनी प्रथमच आम्ही ते चित्र त्यांच्यापुढे ठेविले आणि म्हटले, पुन्हा असे होऊ नये म्हणून हा खर्च आहे. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग विचारले, “पण हा कॅमेऱ्याचाच दोष होता का?”

हा प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर त्या चित्राच्या पोटातच होते. अंकीय कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर एक टाचण स्वतः लिहून ठेवतो: दिवस, वेळ, भिंग कोणते, त्याचे तोंड किती उघडे होते, शटर किती काळ उघडले. आम्ही ते टाचण बारा वर्षांत कधी उघडले नव्हते. भीतीच वाटत असावी. आता पाहिले. भिंग कॅमेऱ्याबरोबर आलेलेच, ५५ मिलिमीटरवर ताणलेले. तोंड एफ ५.६, शटर सेकंदाचा तेरावा हिस्सा. जो हात हलतो आहे तो इतक्या सावकाश शटरने स्थिर येणे शक्यच नव्हते, मग सेन्सर कोणाचाही असो. त्या काळीही एफ १.८ चे लहानसे, स्वस्त ५० मिलिमीटरचे भिंग बाजारात मिळत असे. त्याचे तोंड जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. तेरावा हिस्सा होता तेथे सव्वाशेवा हिस्सा झाला असता, आणि चारी खडे मोजून घेता आले असते. ते भिंग आम्ही घेतले नव्हते, कारण त्या साली आम्ही पाखरांच्या लांब भिंगासाठी पैसे साठवीत होतो.

आजचे कॅमेरे आपला हात हलला तर आतल्या आत सेन्सर हलवून तो दोष सावरून घेतात. हे दोघेही घेतात. पण ते फोटो काढणाऱ्याचा कंप सावरतात, समोर बसलेल्याचा नव्हे.

टाचणांची चटक लागली म्हणजे मनुष्य थांबत नाही. भाच्याने एक युक्ती करून आमच्या साऱ्या संग्रहाची टाचणे संगणकावर एकत्र काढून दिली. अकरा हजारांवर चित्रे. आम्ही तो कागद घेऊन बसलो आणि आमच्याविषयीच्या आमच्या कल्पनेचा बोऱ्या वाजला. लांब भिंगाने काढलेली चित्रे दहांत दोनही नव्हती, आणि त्यांतली जी ठेवण्याजोगी म्हणून आम्ही पूर्वीच खूण करून ठेविली होती ती हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. उरलेली सारी माणसांची: पाच-सात पावलांवरून काढलेली, बहुतेक सूर्योदयापूर्वीची किंवा दिवे लागल्यानंतरची. आम्ही सतरा वर्षे स्वतःला पक्षिनिरीक्षक समजत होतो आणि काढीत मात्र होतो अक्काची चूल, पोतराजाची पोरे, स्थानकावर गाडीची वाट पाहणारी म्हातारी. नादिष्ट मनुष्याने नवा कॅमेरा घेण्यापूर्वी हा हिशेब अवश्य मांडावा. कंपनीची जाहिरात आणि जाणत्यांचे परीक्षण हे सांगतात की यंत्र काय करू शकते. आपण काय करतो हे ती जुनी टाचणेच सांगतात.

तरी लोभाची मौज पाहा. हा कागद हाती आल्यावर आमच्या मनाने तत्काळ निर्णय दिला: माणसे आणि काळोख, म्हणजे आर ६ च! पुरावा कोणताही असो, निकाल तोच.

भाच्याने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. दोघा व्यवसायबंधूंकडून त्याने दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी मागून आणले आणि फाल्गुनात आम्ही ते घेऊन येरमाळ्यास गेलो. दुपारी वाड्याच्या अंगणात, सांजेला डोंगराच्या पायऱ्यांवर, आणि रात्री अक्काच्या देवघरात निरांजनाच्या उजेडात, तीच भिंगे आळीपाळीने लावून तीच चित्रे दोहोंनी काढली. बार्शीस जाऊन त्याने ती आठ इंच बाय बारा इंचांच्या कागदावर छापून आणली आणि मागे बारीक खुणा केल्या. आम्ही चष्मा पुसून बसलो. दुपारच्या जोडीत आम्हांला काहीही ओळखता आले नाही. सांजेच्या जोडीत आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने बोट ठेविले, आणि ते चुकले. निरांजनाच्या जोडीत फरक होता, हे खरे. लांब भिंगाने काढलेल्या चित्रात आर ७ ची सावली रवाळ झाली होती आणि आर ६ ची मऊ होती. पण एफ १.८ च्या भिंगाने काढलेली दोन चित्रे शेजारी ठेविली तेव्हा तो फरक शोधावा लागत होता. मोठ्या सेन्सरचा लाभ प्रकाशाच्या मापात सव्वा-दीड पायरीचा. त्या दीडशे-एकशेसाठ ग्रॅमच्या काचेचा लाभ तीन पायऱ्यांहून अधिक. हे गणित आम्हांला आधीही करता आले असते. शाळेत आम्ही गणितच शिकवीत होतो.

अक्कापुढे त्या साऱ्या प्रती ठेवल्या. तिने एक उचलली आणि म्हणाली, “ह्यात शेजारीण हसायली बघ. ही चांगली हाय.” कोणत्या कॅमेऱ्याची, हे पाहावयाचे आमच्या लक्षातच राहिले नाही.

त्या रात्री, का कोण जाणे, आम्ही तिला अण्णांचे ते चित्रही दाखविले. मोबाईलच्या पडद्यावर तिला नीट दिसेना. तो डोळ्यांशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. आम्ही नेहमीप्रमाणे क्षमा मागण्याच्या सुरात म्हटले, की हात काही नीट आला नाही.

“कसा यील?” ती म्हणाली. “आण्णाचा हात कवा थांबला व्हता का त्या दोन वर्सांत? मीच घास भरवत व्हते की. ह्योच आण्णाचा हात हाय.”

अण्णांना कंपवात होता हे आम्ही विसरलो नव्हतो. पण आम्ही सणासुदीला जाणारे. आमच्या मनात अण्णांचा हात पूर्वीचा, फळ्यावर रेघ ओढावी तसा स्थिर राहिला होता, आणि चित्रात तो तसा आला नाही म्हणून आम्ही बारा वर्षे यंत्राला व स्वतःला दूषण देत होतो. सव्वाशेव्या हिश्शात तो हात थांबला असता हे खरे. जो हात थांबलेला अक्काने शेवटची दोन वर्षे पाहिला नाही, तो आम्ही थांबवून दाखविला असता. तसे चित्र असते तर आम्हांला आवडले असते, याविषयी आजही आमच्या मनात संदेह नाही. ते खरे असते का, हे मात्र आता सांगवत नाही. आणि एक गोष्ट त्या रात्री निर्विवाद झाली: जे चित्र आम्ही कोणाला दाखवीत नव्हतो, ते दोन महिने आम्ही एका महाग वस्तूच्या बाजूने साक्षीला उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळवदाच्या कामाला गवंडी ठरविला. आठ दिवसांनी आर ७ घेतला, त्यासोबत ते ५० मिलिमीटरचे भिंग, जे त्यावर ८० चे असल्यासारखे दिसते आणि चेहऱ्यांसाठी फार सोयीचे पडते, आणि १०० ते ४०० चे एक हलके भिंग. हे शेवटचे घेण्याची गरज नव्हती, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पण वाघ अद्याप डोंगरात होता, आणि मनुष्याला आपल्या भ्रमासाठीही थोडी तरतूद ठेवावी लागते. सारे मिळून खर्च आर ६ च्या नुसत्या अंगाहून कमी आला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये आर ६ मार्क थ्री जाहीर झाला, मोठा सेन्सर आणि बिंदू ३ कोटी २५ लक्ष. भाच्याचा फोन आला तेव्हा आमची दोन दिवस झोप उडाली होती, हेही नमूद करून ठेवतो. आमचा काही मोक्ष झालेला नाही.

२०२५ च्या चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १३ एप्रिलला, रविवार होता, त्यामुळे गर्दी विचारू नये. अक्काचे गुडघे गेलेले आहेत. तिला आम्ही चुन्याच्या रानाच्या कडेला पोत्यावर बसविले, आणि ओळखीची ना पाळखीची अशी पोरे येऊन तिच्या पदरात खडे टाकू लागली. आम्ही धुळीच्या भीतीने कॅमेरा उपरण्याखाली धरून हिंडत होतो. संध्याकाळी आमराईत, अण्णा बसले होते त्याच झाडाखाली म्हणता येणार नाही, कारण ते झाड कोणते याविषयी आम्हां दोघांत एकमत नाही, पण तशाच एका झाडाखाली तिचे चित्र काढले. भिंगाचे तोंड पूर्ण उघडे, शटर सव्वाशेवा हिस्सा. सुरकुत्या, पदराचा विरलेला काठ, खड्यांवरची माती, सारे लख्ख आले. पाठीमागच्या पडद्यावर मोठे करून तिला दाखविले.

“लईच म्हातारी दिसायले की रं मी,” ती म्हणाली, आणि कॅमेरा आमच्या हाती देऊन टाकला. “त्यो आण्णाचा काढ मोठा. कागदावर. भिताडाला लावायला.”

आम्ही म्हटले, त्यात हात नीट नाही. तिने आमच्याकडे पाहिले नाही.

जुन्या कॅमेऱ्याचे ते चित्र बारा इंच बाय अठरा इंचांवर चांगले उतरले. दूरून पाहिले तर अण्णांच्या मुठीतून काही उडून चालले आहे असे वाटते. अक्काने ते ओसरीवरच्या आतल्या भिंतीला लावले, जेथे मागली दोन वर्षे पाण्याचे ओघळ येत होते. आम्ही काचेची चौकट करून देतो म्हणालो तर तिला ती नको होती. त्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, शिवारे वाहून गेली, कित्येकांची घरे पडली. दसऱ्याला गेलो तेव्हा चपला काढण्यापूर्वी आम्ही प्रथम ती भिंत हाताने चाचपून पाहिली. कोरडी होती. कागदाचा एक कोपरा किंचित वळला होता, तेवढा अक्काने पीठ लावून पुन्हा चिकटविला.